चिंचेतला खिळा

दवाखान्यातून घरी आल्या आल्या साईनाथने गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. भूल उतरून गेली होती. दाढेत कळ उठली नाही. त्याने आणखी एक घोट डाव्या गालात धरून ठेवला, तरी काही नाही.

“गेली बघ आई, पार गेली!”

समोर बसलेल्या शकूबाईने पदराचा बोळा करून गालाला लावला. तिचे डोळे भरून आले. तिला आनंद झाला, असं साईनाथला वाटलं.

या दाढेने त्याला रडकुंडीला आणलं होतं. टेंपो दारात उभा, धंदा बुडालेला आणि डाव्या गालात असा ठणका, की वरची दाढ दुखते की खालची तेही कळेना. शेवटी नेरळच्या डॉक्टरीणबाईंनी खालची दाढ धरली आणि रूट कॅनाल केलं.

“बाईंच्या हाताला गुण हाय,” साईनाथ म्हणाला.

“बाईंच्या कशाला? तू तिकडं गेलास आनि मी चिंचेत खिळा ठोकून आले.”

शेलू गावच्या जुन्या लोकांची ही रीत. दाढ दुखली की गावाबाहेरच्या चिंचेत खिळा ठोकायचा, दुखणं झाडाला द्यायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. खिळा ठोकायचं काम शेजारच्या नागूबाबाचं. चिंचेच्या अंगावर सबंध गावाच्या दाढा होत्या म्हणा ना.

“चिंच तर बिल्डिंगवाल्यांनी कवाच तोडली. नुसता बुंधा हाय तितं,” साईनाथ म्हणाला.

“बुंध्यातच ठोकला. नागू नाय म्हनला, मंग मीच ठोकला.”

साईनाथ पोट धरून हसला.

घरात दोघंच. बाप कधीच गेलेला. या बाईने दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणी करून त्याला वाढवलं होतं, आणि पोराला साधा काटा टोचला तरी हिचा जीव वरखाली व्हायचा. तिच्यापुढे असं हसायला नको होतं, हे त्याला जेवताना जाणवलं. पण माफी मागायची सवय नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मऊ खायला सांगितलं होतं. शकूबाईने पेज केली. साईनाथला दोन वाट्या वाढल्या, स्वतः मात्र उजव्या गालाने घोटभर पिऊन वाटी खाली ठेवली. मनावर घेतलं वाटतं, असं म्हणून त्याने विषय सोडला.

मग घर हळूहळू गप्प झालं. शकूबाईचा पान कुटायचा खलबत्ता वाजेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. लवंग तेलाच्या बाटलीला साईनाथने हात लावला नव्हता, तरी तेल तळाला गेलं होतं. एका दुपारी त्याने फ्रीजमधलं सरबत घटाघटा प्यायलं आणि आत मोरीत भांडं दणकन पडलं.

“काय झालं गं?”

“हात थरथरतो हल्ली,” आतून आवाज आला.

रस्त्यात नागूबाबा भेटला. साईनाथने तोंड उघडून त्याला दाढ दाखवली. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आई बरी हाय का रं तुजी?”

“तिला काय झालंय? दुखनं माजं व्हतं.”

“व्हतं खरं,” नागूबाबा म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

दाढेवर टोपी बसवायच्या दिवशी साईनाथ आनंदाने नेरळला गेला. डॉक्टरीणबाईंनी दाढेचा एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

“माझी चूक झाली,” त्या अखेर म्हणाल्या. “मी केली ती खालची दाढ ठणठणीत होती. खरी किडलीय ती वरची. मुळाशी पू साठलाय. तुम्ही हे सहन कसं करताय?”

“काय सहन करतोय? कायच दुखत नाय.”

त्यांनी तपासायच्या आरशाच्या दांड्याने वरच्या दाढेवर टक् केलं. “आता?”

“नाय.”

जरा जोरात ठोकलं. “आता?”

साईनाथ हसला. “खुशाल ठोका बाई.”

त्यांनी पुन्हा ठोकलं आणि मान हलवली. उद्या ही दाढ उघडायची ठरवून साईनाथ घरी आला, तर दारात नागूबाबा उभा. त्याचा चेहरा उतरला होता.

“कवाचा गेलास रं? मगाशी तुज्या आईनं किंकाळी फोडली. जरा थांबली, परत फोडली. मंग परत. कुनी टोले घालावं तशी. मी धावत आलो तर आत तिच्याबिगर कुनी नाय.”

दवाखान्यातली टकटक साईनाथच्या कानात पुन्हा वाजली.

“जिवंत झाड दुखनं घेतं,” नागूबाबा म्हणाला. “वाळल्या लाकडात खिळा ठोकला की ते ठोकनाऱ्याच्या दाढंत उतरतं. म्हनून मी नाय म्हनलो.”

“आईला ठाऊक व्हतं?”

“मीच सांगितलं व्हतं. हसली नुसती.”

साईनाथ आत गेला. शकूबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. डावा गाल डोळ्यापर्यंत सुजून वर आला होता.

“आई, ठाऊक असून का केलंस गं असं?”

शकूबाईने त्याचा हात धरला. बोलताना तिला फार त्रास होत होता.

“मला वाटलं, माज्या तोंडात आता एक दात उरला नाय. दुखनं येऊन बसंल तरी कुठं?”