सहावं काम

दोन जाड गाद्यांच्या मधली वाट जेमतेम दोन हात रुंद होती. त्या वाटेत दोन माणसं उताणी, डोक्याला डोकं लावून पडलेली. शिट्टी वाजली की उठायचं, वळायचं आणि समोरच्याला आडवा करायचा. हा प्रकार आता बंद करायला सांगितलेला आहे, म्हणून कोच रॉय डॅगेटने बातमीदारांना सकाळीच फाटकाबाहेर काढलं होतं.

शिट्टी वाजली. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. एमेट प्रूइट दोन पावलं मागे फेकला गेला आणि पाठीवर पडला. त्याच्या छातीवर सायलस बूकर, एकशे वीस किलोचा.

"ऊठ रे," सायलस म्हणाला आणि हात पुढे केला. एमेटने तोंडातलं रक्त बाजूच्या गवतावर थुंकलं आणि हात धरून उठला.

अमेरिकन फुटबॉलच्या सराव शिबिराचा शेवटचा दिवस होता आणि संघात एकच जागा उरली होती. एमेटला पाच कामं येत. चेंडू घेऊन धावणं, पास झेलणं, पास अडवणं, धावणाऱ्याला पाडणं आणि धावणाऱ्याच्या पुढे राहून त्याच्यासाठी वाट फोडणं. प्रत्येक कामाची वेगळ्या रंगाची बंडी. सकाळपासून त्याने चार बंड्या बदलल्या होत्या, आणि प्रत्येक बंडीत त्या त्या कामातल्या ताज्या दमाच्या माणसापुढे उभा राहून थोडक्यात हरला होता. निळ्या बंडीत त्याची करंगळी निखळली. पट्ट्या बांधणाऱ्या वर्नाबाईने ती ओढून बसवली आणि शेजारच्या बोटाला बांधून टाकली. पाच कामं येणाऱ्याला कुणी पाचपट जेवू घालत नाही, मार मात्र पाच ठिकाणचा मिळतो.

आता पाचवी बंडी, लाल. वाट फोडण्याची. ते सायलसचं काम, आणि सायलसला तेवढं एकच येत होतं.

पुन्हा शिट्टी. पुन्हा एमेट खाली. या वेळी त्याचं हेल्मेट निघून गडगडत गेलं आणि कपाळावरून रक्ताची एक ओळ भुवईत उतरली.

"झालं की," मदतनीस कोच मार्व म्हणाला. "पाच ठिकाणी दुसरा. असला माणूस घेऊन करायचं काय, रॉय? सायलसला एकच काम येतं, पण तसं आपल्याकडे कुणालाच येत नाही."

"पाच जण मोडले, तर ऐनवेळी पाच माणसं कुठून आणू मी?" डॅगेट म्हणाला.

"मोडू तर देत आधी."

डॅगेट गाद्यांपाशी गेला आणि एमेटसमोर उकिडवा बसला. "अजून एकदा. तुझ्याकडे आणखी काही असेल लेका, तर आत्ता दाखव. उद्या सकाळी तुझं कपाट रिकामं करताना मला वाईट वाटायला नको."

एमेटने हेल्मेट चढवलं आणि दोघं पुन्हा उताणे झाले. वर ओहायोचं ऑगस्टमधलं पांढरं आभाळ. हेल्मेटला हेल्मेट टेकलेलं, त्यामुळे सायलसचा आवाज एमेटच्या कवटीतच आल्यासारखा वाटला.

"सरळ ये हं, एमेट."

"सरळच येतो."

तीन आठवडे दोघं एका खोलीत राहिले होते. रोज सकाळी सायलस जिना पाठमोरा उतरायचा, कठडा धरून, एकेक पायरी. डावा गुडघा पुढे वाकवून उतरणं त्याला जमत नव्हतं. "कुणाला बोललास तर तुझे दात तुझ्याच हातात देईन," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एमेट हसला होता. त्यानंतर तो रोज आधी खाली जायचा आणि कुणी जिन्याकडे बघू नये म्हणून भलतंच काहीतरी मोठमोठ्याने बोलत राहायचा.

शिट्टी वाजली.

सायलस सरळ आला. एमेट वाकला, आणखी वाकला, आणि खांदा डाव्या गुडघ्यात घातला.

ओली फळी मोडावी तसा आवाज आला. सायलस ओरडला नाही. बाहेरच्या बाजूला वळलेल्या आपल्या पायाकडे तो नुसता बघत राहिला, जणू कुणीतरी दुसऱ्याचाच पाय त्याच्याजवळ ठेवून गेलं होतं. मग त्याला ओकारी झाली.

वर्नाबाई धावत आली. तिने कात्रीने विजार कापली. "कुठे दुखतंय राजा? हात लावून दाखव मला. आधीपासून काही होतं का इथे?"

"त्याला विचारा," सायलस म्हणाला. "त्याला ठाऊक आहे."

वर्नाबाईने मान वर करून एमेटकडे पाहिलं. एमेट आपली बांधलेली बोटं बघत होता.

मार्व पांढराफटक पडला होता. डॅगेटने कानामागची पेन्सिल काढली, हातातल्या कागदावर प्रूइट नावापुढे लिहिलेली पाच कामं एकदा वाचली, आणि त्यांच्याखाली सावकाश काहीतरी लिहिलं.

"हेही येतं याला," तो म्हणाला. "घ्या याला."

मग एमेटच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "ती लाल बंडी काढू नकोस. आता तीच तुझी."

सायलसला गाडीवर घालून नेलं. सराव संपला. मैदानापासून खोल्यांकडे उतरणाऱ्या सिमेंटच्या नऊ पायऱ्या होत्या. सगळे भराभर उतरून गेले. एमेट सगळ्यांत वरच्या पायरीवर थांबला, वळला, आणि कठडा धरून पाठमोरा, एकेक पायरी उतरू लागला.

त्याच्या गुडघ्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं.