सासूबाईंच्या वहीतला रस्सा

सासूबाई गेल्यावर दागिने मी जावेला दिले, पण त्यांच्या हातानं लिहिलेली पाककृतींची वही ठेवली. तीही तिनं मागितली, तर म्हटलं, "आधी कांदा चिरायला शीक."

मला जोडाक्षरं अडतात, म्हणून सून वाचते आणि मी रांधते.

काल रस्सा करताना ती वाचत होती, "कांदा तांबूस होऊ दे. आच कमी कर, तळाला लागतंय."

खरंच लागत होतं.

"हे वहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आई, शाई ओली आहे."

"असू दे. पुढं वाच."

तिनं पुढची ओळ वाचली, "सूनबाई, सरक आता. मी ढवळते."

माझ्या हातातली पळी ओढली गेली.

या शेगडीवर आता माझा शब्द चालतो. मी पळी सोडली नाही.

तिकडूनही कुणी सोडली नाही.