बेकरीवाल्याची दाढी

बेकरीवाल्याने स्वतःच खुर्चीत बसून घेतलं, कापडही स्वतःच गळ्याभोवती गुंडाळलं आणि आरशातून न्हाव्याकडे बघत म्हणाला, "चल, कर सुरू. तुझ्यासाठी जंगल राखून ठेवलंय. बायको म्हणते, घरात ये, पण तोंड बाहेर ठेवून ये."

न्हावी हसला नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून त्याने फक्त कंगवे धुतले होते, पुसले होते आणि परत धुतले होते. त्या दिवसानंतर वस्तऱ्याला त्याचा हात लागला नव्हता.

मागच्या बाकावर शिंपी वर्तमानपत्र उघडून बसला होता. दोघं ठरवून आले होते, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"चुकतो रे माणूस," शिंपी वर्तमानपत्राआडून म्हणाला. "माझ्या बोटात रोज सुई घुसते. म्हणून मी मशीन विकायला काढलं का?"

"ती तुझ्याच बोटात घुसते ना," न्हावी म्हणाला.

शिंप्याने पान उलटलं.

"आणि मी म्हणतो, त्या पोराचंही चुकलंच की," बेकरीवाला म्हणाला. "दुसऱ्या दिवशी लग्न. पाय जमिनीवर असतात का त्या वयात? हलवली असणार मान. आम्ही तर सगळ्यांना तेच सांगतोय."

"नव्हती हलवली."

"तुला काय कळणार त्या गडबडीत?"

"त्याची हनुवटी माझ्या हातात होती."

पोराच्या कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ गेली होती आणि तिच्यावर आता टाके होते. लग्नाच्या प्रत्येक फोटोत पोरगं म्हणे एकच गाल पुढे करून उभं होतं. त्याच्या गालावर पहिल्यांदा वस्तरा फिरला होता तो याच खुर्चीत. तेव्हा बाप शेजारी उभा होता, आणि काढण्यासारखं काही नसतानाही न्हाव्याने अगदी मोठ्या माणसासारखी त्याची साग्रसंगीत दाढी केली होती.

"अरे, कर ना," बेकरीवाला हळू आवाजात म्हणाला. "मी बसलोय ना तुझ्यासमोर."

न्हाव्याने पाण्याचा फवारा मारला. ब्रश घोळवला. ब्रशचं बरं असतं, हात हलला तरी चालतं. फेसाने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. बेकरीवाल्याचा चेहरा पांढरा झाला, त्यातून दोन डोळे तेवढे उरले.

मग त्याने पातं घेतलं. कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं. हे तो गप्पा मारता मारता, रस्त्याकडे बघत करायचा.

टक् झालं.

त्या आवाजासरशी बेकरीवाल्याचे डोळे मिटले. कापडाखाली खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन मुठी वर आल्या. गळ्यापाशी एक शीर टुकटुक उडत होती, फेसाखालूनही दिसत होती.

अर्धं पातं न्हाव्याच्या उजव्या हाताच्या चिमटीत थरथरत होतं. त्याने ते वस्तऱ्याच्या फटीशी नेलं. चुकलं. पुन्हा नेलं. पुन्हा चुकलं. त्याने आरशात बघितलं. मिटलेले डोळे उघडले नव्हते.

त्याने पात्याचे दोन्ही तुकडे तुरटीशेजारी ठेवून दिले आणि वस्तरा तसाच, रिकामा बंद केला.

"मान जरा वर," तो म्हणाला. आवाज अगदी पूर्वीसारखा निघाला.

गाल, हनुवटी, मग गळा. डाव्या अंगठ्याने कातडी ताणत, काही म्हणजे काही न सोडता त्याने वस्तरा फिरवला. प्रत्येक हाताला फेस निघून येत होता आणि तो कागदावर पुसत होता. कागदावरचा फेस पांढराशुभ्र होता, त्यात एका केसाचा कण नव्हता. बाकावर वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं होतं.

त्याने गार पाणी लावलं. तुरटी फिरवली, झोंबायला काही नव्हतंच. टॉवेलने चेहरा टिपला.

बेकरीवाल्याने डोळे उघडले आणि आधी टॉवेलकडे बघितलं. टॉवेल स्वच्छ होता. तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर रंग आला. त्याने गालावरून तळवा फिरवला. खरखर बाकापर्यंत ऐकू गेली.

तळवा क्षणभर तिथेच थांबला.

"लोणी!" बेकरीवाला म्हणाला आणि त्याने गालावर चापट मारली. "नुसतं लोणी! सांगत नव्हतो मी? कला आहे ती, हातातून कुठे जातेय!"

"मी तरी दुसरं काय म्हणत होतो?" शिंपी उठला. "माझी कालच झाली, नाहीतर आत्ता बसलो असतो."

"कुठे केलीस?" न्हाव्याने विचारलं.

शिंपी वर्तमानपत्राची घडी घालू लागला. नीट बसत नव्हती ती घडी.

"घरीच," तो म्हणाला. "अशीच आपली."

दोघांनी न्हाव्याच्या पाठीवर थाप मारली. उद्या सगळ्या गल्लीला पाठवतो, बेकरीवाला म्हणाला, आणि दार लोटून दोघं बाहेर पडले.

काचेपलीकडे, चार पावलांवर ते थांबले. बेकरीवाल्याने मान वर केली. शिंप्याने त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि सुईत दोरा ओवताना बघतो तसा वाकून त्याचा गळा बघितला. या कानापासून त्या कानापर्यंत. मग त्याने मान हलवली. काही नाही.

दोघंही हसले. तेवढ्यात शिंप्याची नजर काचेवर गेली, आणि मग दोघांनी घाईघाईने हात हलवले.

न्हाव्यानेही हात वर केला. डावा.