भाईंचा खेळ

"चालला का रे?" हसीनाभाभींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

शफीने घाईघाईने लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि स्क्रीनवरची ती चौकटही. "न्हाई भाभी. पडदा काळा होतो नि बंद पडतं."

"मग आत्ता वाजलं काय?"

"माझा मोबाईल," शफी म्हणाला. थापा मारायची सवय नसलेल्या माणसाला जितपत थाप जमावी, तितपत ती जमली. 

भाभींचे नवरे झुल्फिकारभाई जाऊन वर्ष होत आलं होतं. भोरात लोक कॉम्प्युटरकडे टीव्हीचा चुलतभाऊ म्हणून बघत, त्या काळात त्यांनी घराच्या माडीवर क्लास काढला होता. पार सारोळ्यापासून पोरं-पोरी एसटीने यायच्या. फावल्या वेळात भाईंनी स्वतः एक खेळ बनवला. तो सुरू झाला की त्यांनीच बसवलेली एक धून वाजायची. आजारपणात खाटेशेजारी तो जुनाट कॉम्प्युटर मांडून ते हाच खेळ खेळत बसायचे. भाई गेले आणि त्यांच्या मागोमाग कॉम्प्युटरही गेला.

शफीने त्यातला खेळ तेवढा वाचवला होता. पण नव्या मशीनवर तो चालवायचा तर इम्युलेटर टाकायला हवा, म्हणजे नव्या कॉम्प्युटरने जुन्याचं सोंग घ्यायचं. भाभींचं मागणं एवढंच होतं. "त्यांचा खेळ एकदा लावून दे. मग काय बी मागणार न्हाई."

नाही म्हणायला शफीला तोंड नव्हतं. त्याला हे काम हाताला धरून शिकवलं ते भाईंनी. दुरुस्तीचं दुकान थाटून दिलं ते भाईंनी. सारोळ्याच्या अम्रीनचं स्थळ आणलं तेही भाईंनीच, आणि निकाहाची घाईसुद्धा मुलीच्या बापापेक्षा त्यांनाच जास्त. सख्ख्या बापाने केलं नसतं एवढं त्या माणसाने केलं होतं.

आणि खेळ तर पहिल्या झटक्यातच चालू झाला होता.

धून वाजली. ठिपक्याठिपक्यांची एक मुलगी खांद्याला पिशवी लावून जिना चढू लागली. जिना क्लासचाच, शफीने लगेच ओळखला. वर दारात भाईंसारखाच चष्मा आणि दाढी असलेला ठिपक्यांचा माणूस उभा होता. मुलगी पोचली तशी त्याने तिला जवळ ओढलं आणि दोघांच्या डोक्यावर लाल बदाम उगवला.

भाभींनी त्या जिन्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. वर परकी पोरं असतात म्हणून भाई त्यांना येऊच देत नसत. पुढचं त्याने पाहिलं नाही. गेलेल्या माणसाचं झाकलेलं उघडून बघणं त्याला गुनाह वाटला, आणि भाभींना ते दाखवणं त्याहून मोठा.

पण भाभी हटेनात. विंडोजवर चालत नाही म्हणताच त्यांनी पुण्याहून भाचीचा मॅक मागवून घेतला. "ह्याच्यावर बघ."

खोटं बोलणं शफीला एकवेळ जमलं, खोटं काम करायला मात्र हात तयार होईनात. मॅक अनोळखी सॉफ्टवेअरला दारातच अडवत होता. त्याची समजूत घालून शफीने इम्युलेटर रीतसर टाकला, खेळाचा फोल्डर जोडला आणि आवाज बंद करून चालवला. मुलगी जिना चढली. तेवढं बघून त्याने सगळं पुसून टाकलं.

"न्हाई भाभी. ह्याच्यावरबी न्हाई."

भाभी चहा घेऊन आल्या. "साखर बरुबर हाय ना? का तुलाबी अम्रीनवानी मीठ लागतं?"

शफी हसला. चहात चिमूटभर मीठ टाकायची त्याच्या बायकोची खोड सगळ्या आळीला ठाऊक होती.

घरी गेल्यावर अम्रीनने विचारलं, "चाललं का भाईंचं ते?"

"न्हाई."

"बरं झालं. मोडक्यात किती जीव घालाल? जाऊ द्या की आता."

पुढच्या जुम्याला भाभींनी वरव्याच्या एका ओळखीच्या मास्तरांकडून लिनक्सचा कॉम्प्युटर आणवला. शफीचा जीव मेटाकुटीला आला होता, तरी तो बसला. इथे खेळ भलत्याच वेगाने पळू लागला आणि मुलगी जिन्यावरून धावत सुटली. शफीने सवयीने वेग कमी करून तिला भाईंच्या काळात आणलं. मुलगी वर पोचली, बदाम उगवला, आणि त्याचं बोट खेळ बंद करायला पुढे झालं.

"राहू दे तसंच."

भाभी पाठीमागे उभ्या होत्या. शफी खुर्चीतून धडपडत उठला. "भाभी, तुमी नका बघू हे."

"पयल्याच दिवशी चालला होता. धून आली सैपाकघरात. रोज आयकलेली धून ती, मोबाईलची म्हनून खपवतोस व्हय?"

"तुमाला तरास नको म्हनून..."

"ठाऊक हाय. माझ्यासाठी खोटं बोललास, मनाने चांगलाच हायस तू." त्यांच्या आवाजात मायेचा लवलेश नव्हता. "शफी, हा खेळ त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खेळला. औषध पाजायला बसायचे मी, अन् हे बदाम बघत बसायचे. हिला काय कळतंय, असं वाटायचं त्यांना."

शफीचे डोळे भरून आले. त्या बाईने केवढं गिळलं होतं! "मग परत कशाला बघायचा भाभी?"

"मला कुठं बघायचाय? तुला दाखवायचाय. नुसतं सांगितलं असतं तर माझ्यावर इस्वास ठेवला असतास? भाई म्हंजे तुझे पीर. वाटलं, लावताना बघशील. तर तू दर खेपंला दारातनंच माघारी." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. आज शेवटपर्यंत खेळ."

शफी बसला. त्याने कळ दाबली. ठिपक्यांचं दार उघडलं. आत एक टेबल होतं. टेबलावर वाफाळते दोन कप आणि दोन बरण्या, एकीवर इंग्रजीत साखर लिहिलेलं, दुसरीवर मीठ.

मुलगी टेबलाशी आली. तिने साखरेची बरणी बाजूला सारली आणि हसत हसत मिठाच्या बरणीत हात घातला.