श्वासाच्या जागा

राघवेंद्र लातूरच्या कॉलेजात मराठी शिकवायचा. आजारानं श्वास अपुरा पडू लागला, तेव्हा तो कविता लिहू लागला. दम तुटेल तिथं मोकळी जागा सोडायची किंवा ओळ मोडायची, एवढाच नियम. वाचा गेल्यावर बायकोनं, इरानं, पुस्तक काढायचं ठरवलं. छापखान्यासाठी संगणकावरची कवितांची फाईल साध्या मजकुरात बदलून तिनं त्याच नावानं सेव्ह केली. जागा गळून सगळ्या ओळी सलग झाल्या. मूळ फाईल गेली. मग ती खाटेशी बसून एकेक शब्द वाचू लागली. थांबायचं असेल तिथं तो पापण्या मिटायचा. निम्म्या कविता पुन्हा मोकळ्या झाल्या आणि तो गेला. दहाव्यानंतर छापखानेवाल्यानं विचारलं, “ताई, बाकीच्यांत अंदाजानं जागा टाकू का? कुणाला कळणार हाय?” “नको,” इरा म्हणाली, “तशाच सलग छापा. तिथं ते कुठं थांबले असते, मला माहीत नाही.”