रजेचे बटण

नवी संगणकप्रणाली आल्यापासून कार्यालयातून रजेचा एकही अर्ज आलेला नव्हता.

“लोक कामात रमलेत, दुसरं काय!” साहेबांनी प्रोग्रामरची पाठ थोपटली.

तेवढ्यात कारकूनबाई आत आल्या. “साहेब, परदेशातली बहीण आलीये, उद्या परत जाईल. मला तोंडीच रजा द्या.”

“अहो, पडद्यावरच्या नोंदींच्या तक्त्याखाली रजेचं बटण आहे ना?”

“आहे हो, पण मी खाली गेले की तक्ता आणखी खाली पळतो. सकाळपासून पाठलाग चाललाय.”

साहेबांनी तोंडीच रजा दिली, बाई निघाल्या. प्रोग्रामरने तपासले. पूर्वी तक्त्याची पाने होती आणि प्रत्येक पानाखाली बटण दिसे. आता शेवट जवळ येताच नव्या नोंदी आपोआप जोडल्या जात. बटण तक्त्याच्या शेवटीच होते. तक्त्याला शेवट नव्हता.