दारावरचं ऊन

कुंदाने फ्रीज उघडला आणि स्लाईड फिल्मचे तीन रोल काउंटरवर मांडले. असले रोल आता उल्हासनगरात फक्त तिच्या कॅम्प एकच्या दुकानात मिळत, म्हणून फोटोग्राफी शिकवणाऱ्या देवदत्तला झक मारत तिच्याकडेच यावं लागलं. मागे त्याचे चार विद्यार्थी उभे होते.

"भर दुपारी हा, मवाळ रंगांचा," ती विद्यार्थ्यांना म्हणाली. "सावलीत हा, नाहीतर सगळं निळं पडतं. आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला हा तिसरा. आधी ऊन ओळखायचं, मग रोल घ्यायचा." मग ती देवदत्तकडे वळली. "तुम्हाला कुठल्या उन्हासाठी हवाय, सर?"

'सर' म्हणताना तिची जीभ जड झाली. तीस वर्षांपूर्वी फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेला पाठवतो म्हणून याने तिची अंबरनाथच्या शिवमंदिराची स्लाईड नेली आणि फ्रेमवर स्वतःचं नाव टाकलं. तेव्हा ती घसा फोडून सांगत होती, कुणी ऐकलं नाही. त्या एका फोटोवर हा आजवर मिरवत होता. ती एक दिवसही विसरली नव्हती.

"माझा तो मंदिराचा फोटो," देवदत्त म्हणाला, "दारावर सोनेरी ऊन असलेला. उद्या या मुलांकडून तसाच काढून घेणार आहे."

"किती वाजता काढला होतात हो?" कुंदाने साळसूदपणे विचारलं.

"सकाळी साडेसातला. थंडीत कुडकुडत गेलो होतो."

"सकाळीच ना? पक्कं? चुकीचा रोल जायला नको."

"पक्कं म्हणजे काय, मीच काढलाय ना."

कुंदाने बाकीचे दोन रोल सावकाश फ्रीजमध्ये परत ठेवले. घाई कसली, मासा गळाला लागला होता.

"पण सर," नेत्रा नावाची मुलगी चाचरत म्हणाली, "मंदिराचं दार पश्चिमेला आहे. आमचं घर तिथेच आहे ना. सकाळी दारावर ऊन नसतंच."

विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले.

"इतक्या वर्षांनी वेळ कुठे लक्षात राहते," देवदत्त पुटपुटला.

"माझ्या राहिलीय," कुंदा म्हणाली. तिने तिसरा रोल नेत्राच्या हातात ठेवला. "संध्याकाळी जा. सव्वापाचला. नंदीच्या मागे, जरा डावीकडे उभी राहा. मी तिथेच उभी होते."